टाचदुखी, तळपायदुखी : नेमकं कुठे दुखतं आणि कशाने बरं वाटलं?

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी दादरला साडीच्या दुकानात कामाला आहे. दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत काउंटरमागे उभं राहायचं, गिऱ्हाईक असो वा नसो. त्याच्या आधी आणि नंतर लोकलमध्ये उभं, शिवाय दादरचा पूल आहेच. गेले काही महिने उजवी टाच दुखतेय. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या अंगाला अशी कळ येते की भिंत धरावी लागते. मोरीपर्यंत लंगडत जाते, चहा होईपर्यंत बरं वाटतं. संध्याकाळी ठाणं सुटलं की परत ठणका सुरू. जेवायला बसून उठलं तरी तेच, पहिली चार पावलं नको होतात.

फॅमिली डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला, त्यात टाचेचं हाड वाढलंय असं आलं. गोळ्या घेतल्या की तेवढ्यापुरतं थांबतं. आता घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, वाढलेलं हाड काढल्याशिवाय सुटका नाही. नणंद म्हणते, गादीची चप्पल घाल, आपोआप जाईल.

ज्यांना पायाचं काहीही दुखणं झालंय त्यांनी कुठे दुखत होतं, कशामुळे निघालं आणि कशाने उतार पडला ते लिहाल का? नोकरी सोडून पाय वर करून बसणं मला शक्य नाही, हे धरून सांगा.

सुलभामावशी

अगं, रुईचं पान तव्यावर गरम करून टाचेवर बांध आणि झोप. माझ्या आईने आयुष्यभर हेच केलं. त्याआधी कोमट पाण्यात खडेमीठ घालून पाय बुडवून बस. वीट गरम करून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यावर टाच टेकवायची, बरं वाटतं बघ. पानाचा चीक मात्र डोळ्यांना लागू देऊ नकोस.

पार्लेकर

मावशी, आमच्याकडे वीट हवी असेल तर खाली रिडेव्हलपमेंटच्या साइटवरून आणावी लागेल. तिथे भरपूर आहेत :)

मृण्मयीताई, माझ्या बायकोला अगदी हेच होतं. तिला आराम पडला, पण वेळ लागला. कुणी फिजिओ असतील तर सविस्तर लिहा.

फिजिओ_अनघा

लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण मृण्मयीताईंनी इतकं नेमकं लिहिलंय की बहुतेक चित्र स्पष्ट आहे. सकाळचं पहिलं पाऊल, बसून उठल्यावरची पहिली पावलं, टाचेच्या तळाला आतल्या बाजूला एका ठिकाणी कळ, चाललं की कमी आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर परत. याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात आणि टाचदुखीचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान त्याने धरून ठेवलेली असते, धनुष्याला दोरी असते तशी. तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, पातळ तळाची चप्पल, एकदम वाढवलेलं चालणं, यातल्या एकदोन गोष्टी जमून आल्या की हा पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे कुरबुर सुरू होते. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो, आणि सकाळी त्यावर अचानक सगळा भार येतो. म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट.

आता त्या हाडाबद्दल. टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेत असं वाढलेलं हाड दिसतं. आणि टाच दुखून दुखून हैराण झालेल्या कित्येकांच्या एक्स-रेत ते नसतं. दुखणं त्या हाडामुळे आहे असं एक्स-रेवरून ठरत नाही. ते कापायची वेळ क्वचितच येते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

काय करायचं:

सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी, बसल्या बसल्या दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पाचही बोटं धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, आतल्या बाजूला एक ताठ दोरी हाताला लागेल. ती हाताला लागली म्हणजे ताण बरोबर बसलाय. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. त्यानंतरच पाय जमिनीला लावा, आणि तोही चपलेत. दिवसातून तीनदा करा. जेवून उठायच्या आधी एकदा केलंत तर तुमच्या त्या चार पावलांना फरक पडेल.

पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ. अर्धा मिनिट. मग तोच पाय गुडघ्यात थोडा वाकवून अर्धा मिनिट. दोन्ही हवेत, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत.

कळ जरा कमी झाली की ताकदीचा व्यायाम. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची छोटी वळकटी, हात कठड्याला. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद तिथे, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या एका गटाने २०१४ साली हा प्रकार तपासला, तेव्हा तिसऱ्या महिन्यात नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा या लोकांचं दुखणं जास्त कमी झालेलं दिसलं.

संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून पायाखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. मावशींचा शेकही चालेल, ज्याला ज्याने बरं वाटेल ते. फक्त मधुमेह असेल तर गरम-गार दोन्हीपासून लांब राहा, कारण पायाला चटका किंवा गारठा बसलेला कळत नाही.

आणि धीर. हे बरं होतं. बहुतेकांचं वर्षभराच्या आत ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण आठवड्यात होत नाही. लोक पंधरा दिवस व्यायाम करून 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात, तिथेच सगळं बिघडतं.

मृण्मयी_डोंबिवली

अनघाताई, किती मनापासून लिहिलंत! आत्ता करून बघितलं, ती दोरी खरंच हाताला लागते. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'डॉक्टरीण बरी दिसते, पण रुईचं पान पण बांध.'

सुलभामावशी

तुझ्या सासूबाईंशी माझं जमेल.

नाईटड्यूटी_सिस्टर

अनघा यांच्या प्रतिसादाला +१. मी नर्स आहे, आमच्या वॉर्डातल्या निम्म्या जणींना हे झालेलं आहे. एक भर घालते. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सांगतात. त्याने दुखणं झटक्यात कमी होतं, पण बऱ्याचदा थोड्या महिन्यांचाच आराम असतो. परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते आणि क्वचित तो पट्टाच तुटतो. माझ्या एका सहकारी बाईंना लागोपाठ इंजेक्शनं देण्यात आली, देणाऱ्याने यातलं काहीही सांगितलं नाही, आणि आता त्यांना टाइल्सवर अनवाणी उभं राहवत नाही. घेऊच नका असं म्हणत नाही. आधी व्यायाम, चप्पल, आणि मग डॉक्टरांशी नीट बोलून.

पेनकिलरही स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने खाऊ नका. पोट आणि किडनी दोन्हीवर येतं.

गिरगावचा_गणू

माझी टाच नव्हती, अंगठा होता. रात्री झोपेत पायाचा अंगठा मुळाशी इतका दुखायला लागला की वरची चादर सहन होईना. सकाळी बघतो तर लालभडक, सुजलेला, हात लावला तर गरम. मला वाटलं कुठेतरी ठेचकाळलो असेन. आदल्या दिवशी चुलतभावाकडे बिअर आणि कोळंबीचा बेत झाला होता. निघाला गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार.

गंमत म्हणजे त्या दिवशी युरिक ॲसिड तपासलं तर नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, ऐन झटक्यात ते खाली येऊ शकतं, सूज उतरल्यावर परत तपासा. तपासलं तर वाढलेलं. आता रोज गोळी आहे, सहाच्या खाली ठेवायचं असं सांगितलंय, आणि झटका आलेला नाही.

पार्लेकर

गणूशेठ, म्हणजे बोंबील-कोळंबी बंद? गिरगावात राहून?

गिरगावचा_गणू

बंद नाही, बेताने. बिअर मात्र बंद. हे लोकांना सांगताना सगळ्यात अवघड जातं :)

स्वयंपाकघर_माझं

आमच्या यजमानांना युरिक ॲसिड वाढलंय म्हटल्यावर नातेवाइकांनी तूरडाळ, पालक, मटार, टोमॅटो, दही सगळं बंद करायला लावलं. माणूस खाणार काय?

नाईटड्यूटी_सिस्टर

डाळी आणि पालेभाज्या खाऊन गाऊट वाढतो असं दिसलेलं नाही. त्रास देतात त्या गोष्टी म्हणजे मटण आणि त्यातही कलेजीसारखे अवयव, कोळंबी, मांदेलीसारखी छोटी मासळी, दारू आणि साखरेची कोल्ड्रिंक्स. दूध-दही तर चांगलंच. त्यांना वरणभात घाला हो, बिचाऱ्यांना. आणि नुसतं युरिक ॲसिड वाढलेलं, पण सांधा कधीच सुजला नाही, तर तो गाऊट नव्हे. प्रत्येक टाचदुखीला युरिक ॲसिडच्या माथी मारायची पद्धत पडलीय, ती चुकीची आहे.

मुलुंडचा_धावपटू

धाग्यावर धावणारे कमी दिसतायत म्हणून लिहितो. दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. दिवाळी झाली की ऑफिसातले लोक एकदम उत्साहाने धावायला लागतात आणि आठवड्याला वाट्टेल तसं अंतर वाढवतात. माझं तेच झालं होतं. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, मधोमध दुखायला लागलं. टाचेसारखं चाललं की कमी होत नव्हतं, उलट जितकं चालावं तितकं वाढत होतं. बोटाने दाबलं तर एकाच टिचभर जागेवर कळ.

एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून मला 'मुका मार आहे, धावत राहा' असा सल्ला मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, त्यात हाडाला बारीक तडा. स्ट्रेस फ्रॅक्चर. पहिले दोन-तीन आठवडे हा तडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, असं त्यांनी समजावलं. सक्तीची विश्रांती, मग हळूहळू चालणं, मग धावणं. आता बूट जुने झाले की बदलतो आणि अंतर थोडं थोडंच वाढवतो.

चालताना वाढत जाणारं दुखणं आणि चालताना कमी होणारं दुखणं, यातला फरक लक्षात ठेवा एवढंच सांगणं.

फिजिओ_अनघा

अगदी मोलाचं लिहिलंत. दुखणं कुठे आहे आणि दिवसातल्या कुठल्या वेळी आहे, या दोनच प्रश्नांवर अर्ध्याहून जास्त निदान होतं. टाचेच्या मागे, जिथे पोटरीची जाड शीर टाचेला येऊन मिळते, तिथे दुखत असेल तर ते अकिलीसचं. त्याचे व्यायाम वेगळे. तळवा जळजळतो, मुंग्या येतात, बधिर वाटतो, तर नसेचं काहीतरी. तरुण मुलगा असेल, दोन्ही टाचा दुखतायत आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली राहते, तर टाचेवर वेळ न घालवता संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, मणक्याच्या संधिवाताची सुरुवात अशी होऊ शकते.

वैद्य_कुलाबा

आयुर्वेदाच्या बाजूने थोडं. टाचेच्या या दुखण्याला आमच्याकडे वातकंटक म्हणतात, म्हणजे हा त्रास काही आजकालचा नाही. अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या शलाकेने ठरावीक बिंदूवर चटका देणं, हा त्यावरचा जुना उपचार आहे आणि माझ्या रुग्णांना त्याने आराम पडलेला मी पाहिलाय. पण तो प्रशिक्षित वैद्याने करायचा. मधुमेहींना मी करत नाही.

आणि कृपा करून घरी बिब्बा लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते.

फिजिओ_अनघा

वैद्यराज, अग्निकर्माबद्दल आपलं एकमत होणार नाही. कळ कमी होत असेल, पण पोटरी आखडलेली आणि चप्पल सपाट राहिली तर दुखणं परत येतंच, असा माझा अनुभव. बिब्ब्याबद्दल मात्र शंभर टक्के तुमच्या बाजूने. दोन रुग्णांच्या टाचांवर फोड बघितलेत मी.

वैद्य_कुलाबा

व्यायामाला माझा विरोध कधीच नव्हता. माझ्या रुग्णांनाही चप्पल बदलायला लावतो.

परळची_पोर

बाबांबद्दल लिहायचंय. बाबांना बरीच वर्षं मधुमेह. दर सोमवारी रात्री घरून सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जायचे, मंगळवारी पहाटेचं दर्शन घ्यायचे. कधी पाय दुखला म्हणून तक्रार नाही. एकदा आई त्यांचे पाय पुसत होती, तर डाव्या पायाच्या चवड्याखाली पावलीएवढी जखम, मध्ये बारीक खडा रुतलेला. पांढऱ्या पायमोज्यावर डाग होता म्हणून कळलं. बाबा म्हणत होते, 'मला तर काहीच लागलं नाही.'

डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून, बाबांना डोळे मिटायला सांगून विचारलं, 'लागतंय का?' बाबांना बहुतेक जागी कळतच नव्हतं. नशिबाने जखम भरली, पण बरेच महिने ड्रेसिंग चाललं. माझी कळकळीची विनंती आहे, घरात मधुमेही असेल तर त्यांचे पाय दुखतायत का हे विचारू नका. रोज बघा.

नाईटड्यूटी_सिस्टर

पोरी, हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. या धाग्यावर सगळ्यात जास्त वाचला जावा असा हा प्रतिसाद.

मधुमेहींसाठी: रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. पाणी गरम आहे का ते पायाने नाही, कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने बघायचं. घरातही चप्पल. चप्पल घालायच्या आधी झटकून आत हात फिरवायचा. कुरूप झालं तर ब्लेड चालवायचं नाही आणि मेडिकलमधली कॉर्न कॅपही लावायची नाही, त्यातल्या ॲसिडने जखम होते. वर्षातून एकदा तरी तंतूची ती तपासणी करून घ्यायची.

देवळाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण मंदिरापर्यंत चप्पल घालून गेलं तर बाप्पा रागावणार नाही, असं मी माझ्या पेशंटना सांगते आणि ते ऐकतात.

मालवणी_मुलखाचो

तळपायांची आग व्हायची माझ्या आईच्या. काशाच्या वाटीने तूप चोळायचो रोज रात्री. झोप लागायची तिला, आणि तळवे काळे व्हायचे म्हणजे उष्णता बाहेर पडतेय असं सगळे म्हणायचे. शेवटी रक्त तपासलं तर बी-१२ एकदम कमी. शाकाहारी, शिवाय वर्षानुवर्षं मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी चालू. त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं हे आम्हाला तेव्हा कळलं. इंजेक्शनं घेतल्यावर आग बरीच कमी झाली.

वाटी अजून चालू आहे. आईला आवडते आणि तेवढाच वेळ आम्ही दोघं बोलतो. पण ते काळं दिसतं ते तुपात घासल्या गेलेल्या धातूचं, उष्णतेचं नाही.

आणि टाचेच्या भेगांना आमच्याकडचं मुठेल. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. वितळवून रात्री लावा आणि मोजे घाला. तोडीस तोड क्रीम अजून बघितलं नाही.

स्वयंपाकघर_माझं

अवांतर: पावसात लोकलला येऊन-जाऊन चिखल्या होतात, बोटांच्या मध्ये खाज आणि पांढरी कातडी. काही?

नाईटड्यूटी_सिस्टर

बुरशी आहे ती. ऑफिसला पोचल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, कोरडी चप्पल तिथेच ठेवा, ओले बूट दुसऱ्या दिवशी घालू नका, बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारून पूर्ण दिवस लावा. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन दाखवा. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी देतात.

कोल्हापुरी_पायताण

चपलेवर कुणी नीट बोलत नाहीये. आमचे आजोबा आयुष्यभर कोल्हापुरी घालून शेतात चालले, कधी टाच दुखली नाही. अनवाणी चालल्याने पाय मजबूत होतो. हे गादीचे बूट आले आणि लोकांचे पाय नाजूक झाले, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिजिओ_अनघा

तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पावलातले स्नायू वापरले तर मजबूत राहतात, हे खरंच आहे. पण आजोबा मातीवर चालत होते. मृण्मयीताई दगडासारख्या टाइल्सवर एका जागी उभ्या आहेत. चालताना भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, उभं राहताना तेवढीही सुटका नाही. दुखणं असताना सपाट, कडक तळ नको. बरं झाल्यावर कोल्हापुरी हौसेने घाला, पण एकदम दिवसभर नको.

चप्पल-बूट घेताना: संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो चवड्याशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर परत ठेवा. टाचेखाली अंगठ्याने दाबा, थोडं दबून परत वर यायला हवं. आणि घरूनच कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढून न्या. बूट त्यावर ठेवा. पावलाची रेघ बुटाच्या बाहेर दिसत असेल तर बोटं आत कोंबली जाणार. किंमत बघून बूट चांगला ठरत नाही.

अंधेरीची_अर्चना

हे कागदाचं फार पटलं! मला चवड्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये, बुटात खडा गेल्यासारखं वाटायचं. बूट काढून झटकायचे, खडा नसायचाच. मग बोटांत करंट. मॉर्टन न्यूरोमा निघाला, म्हणजे तिथली नस जाड झालेली. ऑफिसचे निमुळते, टाचेचे बूट बंद केले, पुढून रुंद घेतले, आत चवड्याच्या मागे छोटी गादी लावली. ऑपरेशनचं नाव निघालं होतं, ते टळलं.

वसईवरून

आमच्या काकांची टाच बरेच दिवस शेकली, चोळली, काही उपयोग नाही. शेवटी कंबरेत नस दबलेली निघाली, कळ मांडीमागून पायात उतरत होती. टाचेकडे बघताना कंबर विसरू नका.

युनियनवाली

एवढे सगळे प्रतिसाद वाचले, सगळे उपयोगाचे आहेत. पण मृण्मयीने पहिल्याच ओळींत लिहिलंय की गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. त्यावर कुणीच बोललं नाही. व्यायामाने टाच बरी करायची आणि परत त्याच टाइल्सवर दिवसभर उभं करायचं?

केरळमध्ये कोझिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी यासाठी कित्येक वर्षं लढा दिला. २०१८ साली तिथल्या दुकानांच्या कायद्यात बदल झाला आणि कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. तमिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. म्हणजे मागणी वावगी नाही. मृण्मयी, एकटीने बोलू नकोस, काउंटरवरच्या सगळ्याजणी मिळून बोला.

पार्लेकर

हे खरंच सुचलं नव्हतं. धन्यवाद.

कोल्हापुरी_पायताण

सहमत. माझं किराणा दुकान आहे. पोरांना स्टूल दिलं म्हणून धंदा कमी झाला नाही. शेठला माझं नाव सांगायचं असेल तर सांगा.

मृण्मयी_डोंबिवली

धागा वर काढतेय. पावसाळ्यात लिहिलं होतं, आता नवरात्र आलं.

व्यायाम रोज चालू आहे. पहिल्या महिन्यात फारसा फरक नव्हता आणि सोडावंसं वाटत होतं, पण अनघाताईंचं 'तिथेच सगळं बिघडतं' डोक्यात होतं. गणपतीच्या सुमाराला एका सकाळी चहा ठेवल्यावर लक्षात आलं की आज भिंत धरली नाही. आता सकाळची कळ बरीच कमी आहे, संध्याकाळी गर्दीचा दिवस असला तर अजून ठणकते. घरात चप्पल, कागदावर रेघ काढून घेतलेले बूट, रात्री बाटली. एक्स-रेतलं हाड तिथेच आहे.

दुकानात आम्ही पाचजणी मिळून शेठशी बोललो. आधी म्हणाले, 'बसलेली मुलगी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं आळशी आहे.' आम्ही म्हटलं, गिऱ्हाईक दारातून आत आलं की उठू. दोन स्टुलं आली, पाळीपाळीने बसतो. काउंटरखाली एक छोटा पाटही ठेवलाय, त्यावर एक पाय ठेवून उभं राहायचं आणि मध्येमध्ये बदलायचा. तोही युनियनवाली यांनीच नंतर व्यक्तिगत निरोपात सुचवला होता. दिवाळीच्या गर्दीत स्टुलं राहतील का ते बघायचं.

युनियनवाली

राहतील. राहिली नाहीत तर परत बोला. पाचजणी आहात.

सुलभामावशी

रुईचं पान बांधलंस की नाही?

मृण्मयी_डोंबिवली

बांधलं मावशी, सासूबाईंनी स्वतः बांधलं.

परळची_पोर

बाबांसाठी मधुमेहींची मऊ तळाची, एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल हवीय. साध्या दुकानात मापाची मिळत नाही, त्यांचा एक अंगठा वाकडा आहे. कुठे बनवून मिळेल?

फिजिओ_अनघा

हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, १९५५ पासूनची. तिथे पायाच्या मापाची साधनं बनवतात, आधी ओपीडीत दाखवावं लागतं. बाबांना सोबत न्याच, नुसतं माप सांगून होणार नाही. सकाळी लवकर जा. मधुमेहाचे कागद, आणि ते रोज घालतात ती जुनी चप्पल न धुता तशीच घेऊन जा. तळ कुठे झिजलाय आणि अंगठ्याचा ठसा कुठे पडलाय, ते बघून गादी कुठे हवी ते त्यांना ठरवता येतं.

परळची_पोर

सोमवारी रजा टाकते. बाबा तयार आहेत.